वन बीएचकेच्या हॉलमध्ये रांगत्या बाळासाठी खेळायची जागा कशी करावी?

सई_ठाणे

बाळ साडेसात महिन्यांचं आहे. पोटावर सरकतं, आता कधीही रांगायला लागेल. भाड्याचा वन बीएचके आहे. हॉल १० बाय १४ फूट, त्यात तीन सीटचा सोफा, सासूबाईंचा दिवाण, टीव्ही युनिट, सेंटर टेबल आणि दाराजवळ चपलांचं कपाट. किचनला दार नाही, मार्बलची ३३ इंच रुंद मोकळी चौकट आहे. हॉलला फ्रेंच विंडो, बाहेरून बॉक्स ग्रिल. फरशी व्हिट्रिफाइड, एकदम गुळगुळीत.

दिवसभर घरी मी आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही. घरमालक भिंतीला भोकं पाडू देत नाहीत. सगळं मिळून सहा हजारांत बसवायचं आहे.

विचारायचं ते असं: मॅट कुठली घ्यावी? कुंपणवाला प्लेपेन घ्यावा का? आणि वॉकर भेट द्यायला नातेवाईक मागे लागलेत, त्यांना काय सांगू?

पायघडी

आधी जागा ठरवा, खरेदी नंतर. सेंटर टेबल हॉलमधून बाहेर काढा. दिवाणाखाली जात असेल तर उत्तम, नाहीतर बेडरूममध्ये उभं करून ठेवा. एवढ्या हॉलमध्ये तेच सगळ्यात जास्त जागा अडवतं, आणि त्याचे कोपरे नेमके उभं राहू बघणाऱ्या बाळाच्या कपाळाच्या उंचीला येतात.

मग असा कोपरा शोधा जो ओट्यापाशी उभं राहून मान वळवली की दिसेल. खिडकीखालचा कोपरा नको: ऊन, पावसाचे शिंतोडे, पडद्याच्या दोऱ्या, सगळं तिथेच. मुख्य दार उघडतं त्या बाजूचाही नको. भिंतीवर वरच्या बाजूला घड्याळ, फ्रेम किंवा शेल्फ असेल तर ते हलवा.

मॅटचं माप २०० बाय १५० सेंमी, म्हणजे साधारण साडेसहा बाय पाच फूट. तुमच्या हॉलचा चौथ्या हिश्श्याहून थोडा कमी भाग जाईल. जाडी १० ते १५ मिमी. बसलेलं बाळ मागे कलंडलं तर एवढी जाडी पुरते, दिवाणावरून पडलं तर नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मऊ हवं म्हणून कापसाची गादी अंथरू नका. तिच्यात तळवे आणि गुडघे रुततात, रांगायला जोर मिळत नाही आणि उभं राहताना तोल जातो.

प्रकार तीन. एकमेकांत अडकवायचे दोन फुटी फोमचे चौकोन स्वस्त पडतात, पण सांध्यांमध्ये बिस्किटाचा चुरा जातो आणि मुंग्या येतात. कडेच्या पट्ट्या बाळ उपटतं आणि चावतं. आकडे-अक्षरं सुटी निघणारे चौकोन तर घेऊच नका, ते तुकडे तोंडात मावतात. बेल्जियमने २०१० मध्ये अशा कोडं-मॅट्सवर कारवाई केली होती, कारण होतं फोममधलं फॉर्मामाइड नावाचं घातक रसायन. म्हणून पिशवी उघडल्यावर डोक्यात जाणारा उग्र वास आला आणि दोन-तीन दिवस हवेवर टाकूनही तो गेला नाही, तर परत करा.

दुसरी घडीची एकसंध फोम मॅट. सांधे नाहीत, ओल्या फडक्याने पुसली की झालं. तुमच्या घरात मी हीच घेईन. विकत घेताना घडीच्या रेषेवर नखाने दाबून पाहा. वरचा पापुद्रा तिथेच आधी सुटतो आणि सुटला की बाळ त्याच जागी बोट घालतं.

तिसरी आपली सतरंजी आणि त्यावर गोधडी. बाळाला काहीच वाईट नाही, पण टाइल्सवर ती घसरते, म्हणून खाली रबरी जाळी हवी. पावसाळ्यात वाळायला दोन दिवस लागतात, त्यामुळे वर रोज धुता येईल असं दुपटं टाका. जुन्या गोधडीचे टाके सैल झाले असतील तर कापून टाका. लांब दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, रक्त अडतं, बोट सुजतं आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. संध्याकाळी कपडे बदलताना हातापायांची बोटं एकदा पाहायची, केसांसाठीसुद्धा.

रंधा

फर्निचर आणि फिटिंगपुरतं सांगतो.

किचनला दार नाही म्हणजे तुमची पहिली खरेदी गेट. मॅट त्यानंतर. कुकर, गॅसची नळी, सिलिंडर, पिण्याच्या पाण्याचं पिंप, सगळं त्या ३३ इंचांच्या पलीकडे आहे.

भोकं न पाडता दाबावर बसणारं गेट येतं. चौकट तीन ठिकाणी मोजा: खाली, गुडघ्याइतक्या उंचीवर आणि कमरेला. मार्बलची चौकट ओळंब्यात असेलच असं नाही, पाच-सात मिलिमीटरचा फरक सहज निघतो. ३३ इंच म्हणजे साधारण ८४ सेंमी, आणि बरीच साधी गेट्स याच मापाच्या आसपास संपतात. त्यामुळे बॉक्सवरची कमाल रुंदी वाचा. काठावर येत असेल तर जोडपट्टीसह घ्या.

बसवताना एक गोष्ट हमखास चकवते. गेट चौकटीत ठेवलं की कडी आणि खांबाच्या मधे फट दिसते, लोकांना वाटतं माल खराब आहे आणि ते परत पाठवतात. ती फट मुद्दाम ठेवलेली असते. चारही कोपऱ्यांचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की फ्रेम आत दबते, फट मिटते आणि कडी बसते. एकच कोपरा पूर्ण आवळला तर फ्रेम पिळते आणि कडी कधीच नीट लागत नाही.

पॉलिश केलेल्या मार्बलवर रबराचे पाय घसरतात. सोबत ज्या वाट्या येतात त्या दुहेरी टेपने आधी चौकटीला चिकटवा, टेप लावायच्या आधी मार्बल स्पिरिटने पुसा, आणि एक दिवस तसंच राहू द्या. मग गेट आवळा. दर आठवड्याला दोन्ही हातांनी हलवून पाहायचं, कारण उघडझाप करून स्क्रू सैल होतात.

या गेटला खाली आडवी पट्टी असते, दोन-तीन सेंमी उंच. तुमच्या सासूबाईंसाठी ती अडखळायची जागा आहे. तिच्यावर भडक पिवळी किंवा लाल टेप लावा, आणि रात्री तिथे छोटा दिवा राहू द्या. गेट ओलांडून कोणीही जायचं नाही, दरवेळी उघडूनच.

टीव्ही युनिटचं सांगतो. टीव्ही त्याच्या पायांवर नुसता उभा असेल तर तो पडणार, बाळ उभं राहून ओढेल त्या दिवशी. त्यासाठी आणि बेडरूममधल्या उंच कपाटासाठी घरमालकांकडे मोजून चार भोकांची परवानगी मागा, आणि जाताना पुट्टी भरून त्याच रंगाचा हात मारून देऊ असं लिहून द्या. या कारणासाठी सहसा कोणी नाही म्हणत नाही. ८ मिमीचा बिट, ५० मिमीची गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) आणि त्याला जुळणारा स्क्रू. गिलावाच १२ ते २० मिमी असतो, त्यामुळे इंचभर गिट्टी गिलाव्यातच अडकते आणि जोर आला की पापुद्र्यासकट बाहेर येते. नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. ड्रिल करताना पांढरी-राखाडी भुकटी लोण्यासारखी सरसर निघाली की समजा सिपोरेक्स आहे. तिथे साधी गिट्टी धरत नाही, हलक्या ब्लॉकसाठीची वेगळी लांब गिट्टी हार्डवेअरवाल्याकडे मागा.

परवानगी नाहीच मिळाली तर टीव्ही काही महिने दिवाणाच्या मागच्या बाजूला, बाळ पोचणार नाही अशा उंच आणि खोल टेबलावर हलवा. कपाटात जड सामान खालच्या खणात, हलकं वर. ड्रॉवर असतील तर त्यांना चिकटवायची लॉक लावा. दोन-तीन ड्रॉवर एकदम उघडून बाळ खालच्यावर चढलं की अख्खं कपाट पुढे येतं. ही लॉक काढताना हेअर ड्रायरने टेप गरम केली की सनमायका निघत नाही.

फ्रेंच विंडोसाठी सरकत्या पट्टीत स्टॉपर बसवा, जेणेकरून काच १० सेंमीपेक्षा जास्त सरकणार नाही. ग्रिलच्या आडव्या पट्ट्या म्हणजे शिडीच, आणि मच्छरदाणीची जाळी बाळाचं वजन पेलत नाही. सोफा, स्टूल, कुंडी, चढता येईल असं काहीही खिडकीपासून लांब ठेवा. पडद्याच्या दोऱ्या पाच फुटांच्या वर गुंडाळून बांधा.

बालपाऊल

लहान मुलांची फिजिओथेरपी हे माझं काम आहे, म्हणून शेवटच्या दोन प्रश्नांवर लिहिते.

वॉकर नको, आणि हे नातेवाइकांना स्पष्ट सांगा. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. वॉकरमधलं बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त जाऊ शकतं, तुम्ही हात पुढे करेपर्यंत ते उंबऱ्यावर पोचलेलं असतं आणि चाक अडकून पालथं होतं. चालणं लवकर येतं हाही गैरसमज. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत जातं, तोल सांभाळायचा सराव होतच नाही, आणि खाली आपले पायही त्याला नीट दिसत नाहीत.

भेट द्यायचीच असेल तर पांगुळगाडा द्या म्हणा, पण तो आत्ता वापरायचा नाही. बाळ स्वतः धरून उभं राहायला आणि सोफ्याच्या कडेने आडवी पावलं टाकायला लागलं की मग. तुमच्या टाइल्सवर लाकडी चाकं सुसाट पळतात आणि बाळ तोंडावर आपटतं. चाकांवर रबराची पट्टी चिकटवा, किंवा पुढच्या आडव्या दांडीला किलोभर तांदळाची शिवलेली पिशवी घट्ट बांधा. गाडा जड झाला की बाळाच्या वेगाने चालतो.

आता प्लेपेनबद्दल माझं मत. पाच बाय साडेसहा फूट जागा आत्ता पुरेल. रांगायला लागल्यावर महिन्याभरात बाळाला ती कमी पडते आणि ते कठड्याला धरून रडायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार वर्षाच्या आतल्या बाळाला खुर्चीत, बाबागाडीत किंवा पाठीवर बांधून सलग तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. जी बाळं अजून हलत नाहीत त्यांना दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर ठेवावं, आणि स्क्रीन अजिबात नको. कुंपणाचा शब्द त्यात नाही, पण हेतू तोच: बाळाला हलायला जमीन मिळाली पाहिजे. सई, तुमच्या घरात किचनला गेट लागलं, फर्निचर पक्कं झालं आणि जमीन साफ राहिली तर अख्खा हॉलच खेळायची जागा होतो. कुंपण तुम्ही फोडणी देताना किंवा आंघोळीला जाताना पंधरा-वीस मिनिटांसाठी. तेवढ्यासाठी पैसे उरले तर घ्या.

आणि रांगणं उशिरा आलं म्हणून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत हात-गुडघ्यांवर रांगण्याचा काळ ५.२ ते १३.५ महिने इतका पसरलेला आहे, काही बाळं तर न रांगताच उभी राहतात.

मॅटवर खेळणी पाच-सहाच ठेवा, बाकी डब्यात. दर तीन-चार दिवसांनी अदलाबदल. स्टीलच्या दोन वाट्या, लाकडी डाव, झाकण सहज निघेल असा डबा, कापडी चेंडू, खुळखुळा. खुळखुळ्याचा जोड ओढून पाहा, आतले मणी बाहेर येता कामा नयेत. विकतची खेळणी आयएसआय चिन्हाचीच घ्या, भारतात १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. उभं राहायला लागल्यावर दिवाणाच्या कडेवर फूट-फूट अंतरावर एकेक वस्तू ठेवा, बाळ एकीकडून दुसरीकडे सरकत जाईल. पाय उघडे हवेत. मोजे घालून या टाइल्सवर पाऊल टिकत नाही.

पायघडी

बालपाऊल, कुंपणाचा वेळ पंधरा-वीस मिनिटं, हे मान्य. पण सई दुपारी एकट्या असतील आणि सासूबाई आडव्या झाल्या असतील तर ती वीस मिनिटं दिवसातून चार वेळा येतात. म्हणून घ्यायचंच झालं तर काय पाहावं ते लिहिते.

उंची निदान ६० सेंमी. उभ्या पट्ट्यांचं किंवा जाळीचं घ्या, आडव्या दांड्या असल्या की बाळ पाय ठेवून चढतं. दोन पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंमीपेक्षा जास्त नको. पूर्ण गोल जोडलेलं कुंपण स्वतःच्या आकारावर उभं राहतं. पैसे वाचवायला दोन बाजूंना भिंत आणि दोन बाजूंना पॅनल असं एल आकारात लावलं आणि टोकं भिंतीला पक्की केली नाहीत, तर दहा महिन्यांचं बाळ ते ढकलून भिंत आणि पॅनलच्या मधल्या फटीत अडकतं.

मॅट कुंपणाच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन सेंमी लहान हवी. मोठी असेल तर पॅनल फोमवर उभे राहतात आणि खालच्या रबरी वाट्या टाइलला चिकटत नाहीत. फार लहान असेल तर कडेला उघडी फरशी राहते, आणि बाळ कलंडतं ते कठड्याशीच. वाट्या टाइलच्या सांध्यावर आल्या तर हवा शिरते आणि सुटतात, पॅनल चार बोटं सरकवून घ्या.

दाराचं पॅनल सासूबाईंच्या खुर्चीसमोर यायला हवं. त्यांनी कठड्यावरून वाकून बाळ उचलायचं नाही, कंबर आणि बाळ दोन्ही धोक्यात येतात. खुर्ची बिनचाकाची, हाताची, बसायची उंची दीड फुटाच्या आसपास, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. आत मोठा चेंडू किंवा उशी ठेवू नका, बाळ त्यावर पाय देऊन वर येतं. आत झोप लागली तर उचलून नेहमीच्या जागी पाठीवर झोपवा.

सई_ठाणे

खूप उपयोगी. आधी गेट, मग मॅट, उरले तर कुंपण, असं ठरवते. अजून दोन शंका. पावसाळ्यात मॅटखाली बुरशी येते असं ऐकलं, खरं का? आणि टीव्हीमागचे सॉकेट जमिनीपासून फूटभरच उंच आहेत.

रंधा

बुरशी येते. थंड टाइल आणि फोमच्या मधे दमट हवेतलं पाणी अडकतं. पावसाळ्यात रोज रात्री मॅट उचलून भिंतीला उभी करा, खालची फरशी कोरडी पुसा, सकाळी अंथरा. उन्हात वाळत घालू नका, फोमच्या कडा वर वळतात आणि मग तिथेच अडखळायला होतं.

सॉकेट शटरवाले आहेत का ते पाहा. भोकांच्या आत प्लॅस्टिकची पांढरी पट्टी दिसली तर आहेत. नसतील तर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, तेवढ्याला घरमालक हरकत घेणार नाहीत. भोकात खोचायची छोटी प्लॅस्टिकची बुचं टाळा, बाळ उपटतं आणि तोंडात घालतं. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, टीव्ही युनिटच्या मागे टेपने वर चिकटवा. मीटरजवळच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक लागताच वीज तोडणारा स्विच, आहे का बघा. असेल तर महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, घरातली वीज लगेच गेली पाहिजे. नाही गेली तर तो निकामी आहे.

कडेवर

वरच्या सगळ्यात एक राहिलं, ते जमिनीवरच्या आणि जमिनीजवळच्या बारीक गोष्टींचं. हॉल मोकळा सोडायचा तर याला पर्याय नाही. रोज सकाळी फरशी पुसल्यावर स्वतः हात-गुडघ्यांवर येऊन दिवाणाखाली, सोफ्याखाली, चपलांच्या कपाटाच्या बुडाशी बघा. उभं राहून दिसत नाही ते सगळं तिथे सापडतं.

सगळ्यात वाईट बटण सेल. रिमोट, वजनकाटा, गाणारी खेळणी, दिवाळीतले इलेक्ट्रिक दिवे. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू हॉलमध्ये नको. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट एक्स-रे होईल अशा हॉस्पिटलला न्या.

आरशाला चिकटवलेल्या टिकल्या, सेफ्टी पिना, नाणी, शेंगदाणे, फुटाणे, बारशाच्या फुटलेल्या फुग्यांचे तुकडे. खेळण्यांच्या चाचणीतली नळी ३१.७ मिमी व्यासाची असते, तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. घरी पुठ्ठ्याची नळी घेऊन पाहा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूलाच होईल.

सासूबाईंच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या दिवाणाच्या उशाशी असतील तर आजच वर हलवा. देवघर खाली असेल तर कापूर आणि काडेपेटीही. कापराच्या वडीने लहान बाळाला झटके येऊ शकतात. ट्रंकेतली गोधडी काढणार असाल तर डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली नाही ना ते बघा. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळात त्या वासानेही रक्तपेशी फुटून कावीळ होते, आणि कमतरता आहे हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. नुसतं ऊन दाखवून भागत नाही, धुऊन घ्या. मुंग्यांसाठी खडूच्या रेघा मारू नका, तो कीटकनाशकाचा असतो आणि बाळाचे हात तिथूनच तोंडात जातात. मॅट उचलून चुरा झाडणं आणि साबणाच्या पाण्याने पुसणं पुरतं. फिनाइल वापरत असाल तर नंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवा. डासांच्या रिफिलची बाटली खालच्या सॉकेटला नको.

बाथरूमचं दार कायम बंद, कडी वर. भरलेल्या बादलीवर बाळ ओणवं झालं तर डोकं जड म्हणून आत जातं आणि बाहेर येता येत नाही, चार बोटं पाणीसुद्धा पुरतं. पाणी साठवावं लागत असेल तर घट्ट झाकणाचं पिंप.

घशात काही अडकलं आणि आवाज फुटत नसेल तर: बाळाला हातावर पालथं घ्यायचं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या बुडाने ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यभागी ५ दाब. निघेपर्यंत आलटून पालटून. वस्तू दिसत नसेल तर तोंडात बोट फिरवायचं नाही, ती आणखी आत जाते. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. बाळाचे आजी-आजोबा आणि कामाला येणाऱ्या मावशी यांनाही हे उशीवर एकदा करून दाखवा, कारण नेमक्या वेळी घरात कोण असेल ते सांगता येत नाही.